कट्टीच नाही तर बट्टी कशाची

“बोटं पुढे कर,” म्हैसकरबाई म्हणाल्या.

मी केली. उजव्या हाताची पहिली दोन बोटं जोडून, हात छातीच्या उंचीला धरून. शनिवारची सकाळची शाळा होती, प्रार्थना नुकतीच संपली होती, सगळी शाळा मैदानात ओळीने उभी होती आणि व्यासपीठावर मी एकटी होते. शेजारी म्हैसकरबाई होत्या म्हणा, पण मुख्याध्यापिका शेजारी असण्याला कोणी सोबत म्हणत नाही. पायऱ्यांपाशी आमचा अख्खा सातवी ‘ब’ रांगेत लागला होता. एकेका मुलीने वर यायचं, माझ्या बोटांना आपली बोटं टेकवायची, मोठ्याने ‘बट्टी’ म्हणायचं आणि पलीकडून उतरायचं.

“लवकर, लवकर!” बाईंनी टाळी वाजवली. “पहिल्या तासाला उशीर होतोय.”

आता एवढा मोठा वर्ग एका मुलीशी बट्टी करायला रांगेत का उभा होता, ते आधी सांगायला हवं. नाहीतर मी काहीतरी फार मोठं भांडण केलं होतं असं वाटेल. मी काहीच केलं नव्हतं. तेच तर झालं होतं.

आम्ही मूळचे वर्ध्याचे. बाबा बँकेत होते. त्यांना बढती मिळाली आणि बढतीच्या पाठोपाठ बदली, तीही थेट सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिची बदली होता होईना. म्हणून ती आणि धाकटा भाऊ तिकडे, बाबा आणि मी इकडे, अशी आमच्या घराची फाळणी झाली. बाबा सकाळी पोळ्या करत. त्या कशा होत असत ते सांगत नाही, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये.

शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गशिक्षिका चौगुलेबाईंनी नाव विचारलं. मी सांगितलं, “ज्योत्स्ना बोबडे.” वर्ग फिस्सकन हसला. आमच्याकडे गल्लोगल्ली बोबडे असत, त्यात हसण्यासारखं काय ते मला कळेना. मी दप्तर उघडत होते. बाईंनी विचारलं, “काय चाललंय तुझं?”

“बाई, मी पुस्तक काढून राहिली.”

मग जो हशा पिकला, तो मधल्या सुट्टीपर्यंत टिकला. “काढून ऱ्हायली! कुठं ऱ्हायली?” मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं. “बोबडे हाय न्हवं, बोबडंच बोलायची.” त्या दिवशी माझी जी बोबडी वळली, ती वळलीच. गंमत म्हणजे त्या मुली स्वतः ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणत. मुली असून. त्यावर मात्र कोणाला हसू येत नसे. मी हसले असते, पण हसायला शेजारी कोणी लागतं.

त्यांनी मला छळलं असं मी म्हणणार नाही. एक दिवस हसल्या, आणि विसरून गेल्या. माझ्याशी कोणी भांडलं नाही, कोणी कट्टी घेतली नाही. कट्टी घ्यायला आधी दोस्ती असावी लागते. मी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे बसून डबा खात असे आणि घंटा कधी होते त्याची वाट पाहत असे. घरी आल्यावर बाबा विचारत, “काय म्हणतात मैत्रिणी?” मी म्हणे, “मजेत आहेत.” ते खोटं नव्हतं. त्या मजेतच होत्या. मला मात्र कोणीतरी एक हवं होतं. दोन नको, एक पुरे होतं.

आता म्हैसकरबाईंकडे येते. बाई मनाने दुष्ट नव्हत्या, पण त्यांना नियमांचा नाद होता. शाळेत काही घडलं की दुसऱ्या दिवशी त्याचा नियम होई. त्यांच्या खोलीबाहेर निळी पाटी होती आणि तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नियम वाढत चालले होते. व्हरांड्यात पळू नये. टाकीत वाकून पाहू नये. चिंचा आपोआप पडल्या तरी उचलू नयेत. प्रार्थना चालू असताना शिंकू नये. हा शेवटचा लिहिल्यापासून प्रार्थनेत हमखास कोणालातरी शिंक येई.

कट्टीचा नियम गॅदरिंगनंतर आला. आठवीच्या मुली मानवी मनोरा करणार होत्या, समोर पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष फेटा बांधून बसले होते. मनोऱ्याच्या खालच्या थरातल्या दोघींची त्याच दुपारी एका रिबिनीवरून कट्टी झाली होती. एकीने हात पुढे केला, दुसरीने धरला नाही. वरचे थर हलायला लागले तरी धरला नाही. सगळ्यात वर झेंडा घेऊन उभी असलेली चिमुरडी अध्यक्षांच्या मांडीत येऊन पडली. लागलं कोणालाच नाही, फेटा मात्र गेला. सोमवारी पाटीवर नवी ओळ होती: ‘शाळेच्या आवारात कट्टी घेण्यास सक्त मनाई आहे.’

दर शनिवारी प्रार्थनेनंतर कट्टीवाल्या जोड्या व्यासपीठावर बोलावल्या जात, सगळ्यांसमोर बट्टी होई, शाळा टाळ्या वाजवी. त्या शाळेत कट्टी करंगळीला करंगळी लावून घेत आणि बट्टी या दोन बोटांनी करत. पहिले काही शनिवार धामधुमीत गेले. पुढे मुली शहाण्या झाल्या. बाईंसमोर गळ्यात गळे आणि बाईंची पाठ वळली की कट्टी. व्यासपीठ ओस पडलं. नियम आहे आणि गुन्हेगार नाही, ही गोष्ट बाईंना सहन होईना. त्या मधल्या सुट्टीत स्वतः फिरू लागल्या, आणि टाकीमागे त्यांना मी सापडले.

“इथे एकटी का बसली आहेस?”

मी उभी राहिले. तोंडात घास होता.

“कोणाशी कट्टी आहे तुझी?”

“कोणाशीच नाही, बाई.”

“मग तुझ्याशी कोण बोलतं? एक नाव सांग.”

मी पुष्कळ आठवून पाहिलं. खोटं एखादं नाव सांगावं, तर तिला बोलावून विचारतील आणि ती म्हणेल, ही कोण? मी घास गिळला. बाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडला.

“म्हणजे,” त्या म्हणाल्या, “अख्ख्या वर्गाची तुझ्याशी कट्टी आहे!”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर त्या चालायला लागल्या होत्या. एवढा मोठा गुन्हा एकदम हाती लागल्यावर कोण थांबतं?

तर अशी ती रांग. पहिली मुलगी आली, बोटं टेकवली, “बट्टी” म्हणाली, उतरली. दुसरी आली. कोणाची बोटं खडूची, कोणाची तेलकट, कोणाची थंडगार. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, सगळ्या बाईंकडे पाहत होत्या. खाली शाळा हसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, हे खरं. पण आणखीही एक खरं आहे. आईला सोडून आल्यापासून मला कोणाचा हात लागला नव्हता. बोटं येत होती, टेकत होती, जात होती, आणि ही रांग संपूच नये असंही मला वाटत होतं.

मग एक मुलगी आली आणि हात पाठीशी धरून उभी राहिली. काळीसावळी, उंच, कानात छोट्या रिंगा. हजेरीत ऐकून नाव माहीत होतं, त्रिशला मगदूम.

“बोटं पुढे कर,” बाई म्हणाल्या.

“बाई, माझी हिच्याशी कट्टी न्हाई.”

“मग बोलत का नाहीस तिच्याशी?”

“बोलायचं झालंच न्हाई कधी. वळख न्हाई.”

“बरं, मग आता बट्टी कर.”

“कट्टीच न्हाई तर बट्टी कशाची करू, बाई?”

मैदानातलं हसू थांबलं. बाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. “इतक्या मुलींनी केली. तू कोण मोठी लागून गेलीस?”

“त्यांची असंल कट्टी. माझी न्हाई.”

मला तिचा असा राग आला म्हणता! बाकीच्यांनी निदान खोटी का होईना, बोटं टेकवली. ही एकटी सगळ्या शाळेसमोर सांगत होती की ही माझी कोणी नाही, हिच्याशी भांडणसुद्धा नाही. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट तिने मोठ्याने सांगितली, आणि ती ऐकून मला रडू फुटलं. बाईंना वाटलं, त्रिशलाच्या दुष्टपणाने मी रडते आहे. शिक्षा तिथेच ठरली. बट्टी करेपर्यंत त्रिशलाने रोज मधली सुट्टीभर झेंड्याच्या खांबापाशी उभं राहायचं, आणि तिच्याशी कोणी बोलायचं नाही.

“तू बोलायचंस,” बाई मला म्हणाल्या. “रोज जाऊन तिला समजावायचं. तिचं मन वळव.”

सोमवारी मी डबा घेऊन खांबापाशी गेले. काय बोलायचं ते घरून पाठ करून आले होते, चांगलं पुस्तकी मराठीत. तिथे गेल्यावर सगळं विसरले आणि तोंडून आपलंच निघालं.

“काहून अशी करून राहिली तू? टाक ना करून बट्टी. तुझं काय जाते?”

ती हसली नाही. मी वाट पाहिली, पण हसली नाही.

“खोटं कशाला करू?” ती म्हणाली. “तुझं-माझं काय वाकडं हाय?”

“काही नाही.”

“मग? उगं हुबारलीयास कशाला? बस की. मला बसाय बंदी हाय, तुला न्हाई.”

मी खांबाच्या कट्ट्यावर बसले. डबा उघडला. तिने वाकून पाहिलं.

“ह्यो काय, पापड हाय?”

“पोळी आहे. बाबांनी केली.”

“आई न्हाई तुला?”

“आहे. वर्ध्याले आहे.”

“वर्धा म्हंजे लांब?”

“खूप लांब. आगगाडीत झोपा लागते, उठा लागते, अन् तरी येत नाही.”

तेव्हा मात्र ती हसली. पण ते हसणं मला लागलं नाही. मीही हसले. घंटा झाल्यावर म्हैसकरबाईंनी मला गाठलं. “वळतंय का मन?”

“वेळ लागेल, बाई,” मी म्हणाले.

रोज मी मन वळवायला जाऊ लागले. त्रिशला खांबाला टेकून उभी आणि मी कट्ट्यावर. ती तिच्या घरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणे. उभ्याने खायला बंदी असा नियम अजून पाटीवर आला नव्हता. ती मला ‘काढून राहिली’ पुन्हा पुन्हा म्हणायला लावी आणि मग स्वतः म्हणून बघे. मी तिला विचारलं, “तू मुलगी आहेस तर ‘मी जातो’ काहून म्हणतेस?” ती म्हणाली, “जातो म्हटलं की पटकन जाता येतंय. जाते म्हणाय लागलं की कुणीतरी अडवतंयच.” मला ते फार पटलं.

एकदा मी तिला म्हटलं, “ऊन लागते तुला. आता तर आपली ओळख झाली. आता कर बट्टी.”

“आता तर मुळीच न्हाई. आता तर आपण बोलतोय. बोलणाऱ्यांची कसली बट्टी?” मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, “आनी बट्टी केली की शिक्षा सपली. मग मी पोरींत खेळाय जाणार, तू टाकीमागं. बाई तुला हिकडं कशाला पाठवत्याल?”

मला वाटत होतं ते सगळंच तिने बोलून टाकलं होतं. त्या दिवशी बाबांनी विचारलं, “काय म्हणतात मैत्रिणी?” मी म्हणाले, “मैत्रिणी नाही. मैत्रीण.” बाबांनी पोळी लाटायची थांबवली आणि माझ्याकडे पाहून नुसतेच हसले. पोळी तेवढ्यात करपली.

हे असंच चालायचं तर वर्ष संपेपर्यंत चाललं असतं. पण गावात एक वार्ताहर होते. त्यांचं फोटोंचं दुकान होतं आणि फावल्या वेळात ते जिल्ह्याच्या पेपराला बातम्या पाठवत. गावात बातम्या फारशा घडत नसल्याने त्यांना फावला वेळ भरपूर असे. त्यांनी कुंपणापलीकडून फोटो काढला आणि एका सकाळी चौकटीत बातमी आली: ‘कट्टी घेतली म्हणून विद्यार्थिनी उन्हात!’ खाली लिहिलं होतं की कु. मगदूम हिने कु. बोबडे या वर्गमैत्रिणीशी कट्टी घेतली असून अनेक दिवस समजावूनही ती बट्टी करण्यास तयार नाही. फोटोत ती खांबाला टेकलेली आणि मी कट्ट्यावर. दोघी हसत होतो. कट्टी घेतलेल्या मुली अशा हसतात का, एवढंही त्या गृहस्थांना कळू नये?

अध्यक्षांनी बाईंना बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाटीवरची कट्टीची ओळ निळ्या रंगाखाली गेली. मी हरखून गेले. मला वाटलं, आता ती सावलीत बसेल. पण त्रिशला शाळेत आलीच नाही. त्यानंतरही आली नाही. मी मधल्या सुट्टीत खांबापाशी जाऊन बसत होते. आता तिथे बसायला मला कोणी दिलेलं कारण उरलं नव्हतं.

मग एका दुपारी गणिताच्या तासाला म्हैसकरबाई स्वतः वर्गाच्या दारात आल्या. “ज्योत्स्ना, बाहेर ये.” बाहेर आल्यावर त्या पाटीकडे बघत म्हणाल्या, “त्रिशलाचे वडील तिचा दाखला घ्यायला आलेत. ती खांबापाशी उभी आहे. जा, भेटून ये.” आणि मी धावले तेव्हा, व्हरांड्यात पळू नये हे त्या म्हणाल्या नाहीत.

त्रिशला गणवेशात नव्हती. फुलाफुलांचं परकर-पोलकं घालून ती कोणी वेगळीच दिसत होती.

“आप्पा लई तापल्यात,” ती म्हणाली. “डेरीवर समद्यांनी पेपर वाचला. पोरीचं नाव पेपरात आलं म्हणत्यात. मामाकडं धाडायल्यात मला, निपाणीच्या पलीकडं. तिथल्या शाळंत.”

“मग परत कधी येशील?”

“काय ठावं.” तिने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. “तिथं समदी कानडी बोलत्यात. मी तोंड उघडलं की हसत्याल. आता मी टाकीमागं.”

माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं, डबासुद्धा वर्गात राहिला होता. तिकडून तिच्या आप्पांनी हाक मारली.

तेव्हा तिने हात पुढे केला. मला वाटलं, दोन बोटं. मीही माझी दोन बोटं जोडली. पण तिची करंगळी पुढे होती.

“कट्टी,” ती म्हणाली.

“काहून? मी काय केलं?”

“काय न्हाई केलंस, येडे. घे की.” तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र खणखणीत होता. “आज बट्टी केली तर सपलंच. कट्टी असली की बट्टी करायची ऱ्हायली म्हणून ध्येनात ऱ्हातंय. तुझ्याबी आनी माझ्याबी. घे लवकर, आप्पा बोलवायल्यात.”

मी करंगळी पुढे केली. आम्ही कट्टी घेतली, नीट, नख लागेल अशी घट्ट. मग ती “जातो” म्हणाली आणि पटकन गेली.

पुढच्या जूनमध्ये आईला बदली मिळाली नाही म्हणून बाबांनीच बढती परत केली आणि आम्ही वर्ध्याला गेलो. मग लग्न, मग ह्यांच्या बदल्या, मुलगा, मुलाची परदेशातली नोकरी. ह्यांना जाऊनही आता बराच काळ झाला. निपाणीपलीकडे मी एकदा चौकशी करवली होती. लग्न होऊन कुठेतरी गेली, एवढंच कळलं.

परवा शेजारच्या सुनीताताई पेपर घेऊन आल्या. कुठल्याशा शाळेने म्हणे मुलांना जिवलग मित्र करायला बंदी केली आहे, रोज वेगळ्या मुलाशेजारी बसायचं. त्यांना हसू आवरेना. हसून झाल्यावर त्यांनी चहा घेतला, माझ्या रिकाम्या घरावरून नजर फिरवली आणि सहज विचारलं, “तुमच्याकडे कधी कोणी येताना दिसत नाही हो. शाळेतली वगैरे कोणी मैत्रीण नाही का?”

“आहे की,” मी म्हणाले.

“मग बोलवा ना कधी तिला. किती दिवसांत भेटला नाहीत?”

मी कपबशा उचलल्या. करंगळी नेहमीसारखी कपाच्या कानाबाहेर निघाली होती, ती जरा आत घेतली.

“सध्या नाही,” मी म्हणाले. “आमची कट्टी आहे.”